‘बोलायला लागला की आणा’: अंगणवाडीत दिव्यांग मुलाची जागा

“अजून चालत नाही ना? चालायला लागला की आणा.” “शी-शू सांगायला लागली की नाव घालू.” “आधी थोडं बोलू दे त्याला.”

अपंगत्व असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाच्या आईला ही वाक्यं अंगणवाडीच्या दारात ऐकावी लागतात, आणि शहरातल्या महागड्या नर्सरीच्या दारातही. बोलणारी बाई पुष्कळदा मायेनेच बोलत असते. मूल पडेल-धडपडेल, इतर मुलं त्याला ढकलतील, अशी भीती तिला खरोखर वाटत असते. तरी या वाक्यांमधला क्रम उलटा आहे. बोलणं, सांगणं, वाट पाहणं, दुसऱ्याच्या शेजारी बसून जेवणं हे मूल जिथे शिकणार, तिथे येण्यासाठी ते सगळं आधीच येत असलं पाहिजे, अशी ही अट आहे. मला या लेखात मुख्यतः एवढंच पटवून द्यायचं आहे, की तीन ते सहा वयाच्या मुलाला अशी कुठलीही अट घालता येत नाही. मूल जसं आहे तसं आत येतं आणि आतली व्यवस्था थोडी हलते.

ही गोष्ट थोड्याथोडक्या मुलांची नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातली २० लाखांहून जास्त दिव्यांग मुलं देशात नोंदली गेली. या वयात ऐकू न येणं, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा बौद्धिक अक्षमता पुष्कळदा ओळखलीच गेलेली नसते. त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार. युनेस्कोने २०१९ मध्ये भारतातल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर अहवाल काढला. त्यानुसार पाच वर्षं वयाच्या दर चार दिव्यांग मुलांपैकी तीन मुलं कुठल्याही शैक्षणिक संस्थेत जात नाहीत. गावात दिव्यांग मुलं दिसत नाहीत असं कुणी म्हणतं, तेव्हा ती घरात आहेत एवढाच त्याचा अर्थ असतो.

हीच वर्षं का?

बाळाच्या मेंदूत पहिल्या काही वर्षांत जोडण्या फार वेगाने तयार होतात आणि ज्या वापरात येत नाहीत त्या विरत जातात. सगळ्याच मुलांच्या बाबतीत हे घडतं. पण ज्या मुलाला कानावाटे, डोळ्यावाटे किंवा हातापायांवाटे जग कमी पोचतं, त्याच्या बाबतीत वाया गेलेला प्रत्येक महिना जास्त महाग पडतो.

कानाचं उदाहरण घ्या. जन्मजात कमी ऐकू येत असेल, तर पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानला जाणारा आराखडा आहे. आपल्याकडे असं मूल दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत “याचा बापही उशिरा बोलला होता” असं म्हणत घरचे थांबतात. बाप खरंच उशिरा बोलला असेल, पण त्याला ऐकू येत होतं. एकदा कान तपासून घेतले की हा प्रश्न सुटतो. ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्र असो, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) असो की सांकेतिक भाषा, मुलाला कुठली तरी एक भाषा लवकरात लवकर मिळाली पाहिजे. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून होणारं कॉक्लिअर इम्प्लांट जन्मतः ऐकू न येणाऱ्यांमध्ये पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आहे, त्याचं कारणही हेच. त्यानंतर मेंदूचा आवाज समजून घेणारा भाग तितकासा शिकत नाही.

डोळ्याचंही तसंच आहे. तिरळेपणामुळे किंवा मोठ्या नंबरामुळे एक डोळा मंद राहिला, तर सात-आठ वर्षांच्या आत उपचार केलेला बरा. पुढे यश कमी होत जातं. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही त्या स्थितीत, पुष्कळदा स्नायू ताठ असतात. तशा मुलाला दिवसभर पाठीवर झोपवून ठेवलं तर सांधे आखडत जातात, आणि जे मूल आधार देऊन बसू शकलं असतं ते बसेनासं होतं.

या सगळ्यात औषधाने किंवा यंत्राने न मिळणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे बरोबरीची मुलं. तीन वर्षांचं मूल आईपेक्षा चार वर्षांच्या मुलाची नक्कल जास्त आवडीने करतं. घरी घास भरवून घेणारं मूल अंगणवाडीत शेजारचा स्वतःच्या हाताने खातोय हे बघून ताटात हात घालतं. हे थेरपिस्टच्या खोलीत घडवून आणणं कठीण असतं.

कायद्यातली फट

सगळ्यात मोलाचं हे वय आपल्या कायद्यांच्या बाहेर सांडलेलं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, पण तो ६ ते १४ वर्षांसाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ३१ ने ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तोही ६ ते १८ या वयात. सहा वर्षांखालच्या सर्व मुलांच्या संगोपनासाठी आणि शिक्षणासाठी शासनाने प्रयत्न करावा, असं राज्यघटनेचं कलम ४५ म्हणतं. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर बोट ठेवून न्यायालयात हक्क मागता येत नाही.

तरी हातात काहीच नाही असं नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम १६ सांगतं, की शासनाच्या पैशावर चालणाऱ्या किंवा शासनमान्य शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्यांच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात. कलम २५ प्रमाणे सर्व मुलांची वर्षातून एकदा तरी तपासणी करून जोखमीतली मुलं हुडकून काढणं ही शासनाची जबाबदारी आहे. शिवाय २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने खास दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. तिचे तीन टप्पे आहेत: लक्षणं लवकर ओळखणं, मुलाला आणि कुटुंबाला अंगणवाडीच्या रोजच्या कामात सामावून घेणं, आणि आशा, परिचारिका व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणं. देशातल्या सुमारे १४ लाख अंगणवाड्यांना लागू असलेला हा दस्तऐवज आहे. तो किती सेविकांच्या हातात पोचला हा वेगळा विषय, पण “आमच्याकडे असं काही नसतं” हे उत्तर आता कुणाला देता येत नाही.

मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी वेगळी शाळा सुरू केली. स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ती हीच, आता तिचं नाव अडॅप्ट आहे. पुढे याच बाईंनी, अंगणवाड्या ज्यातून चालतात त्या एकात्मिक बालविकास योजनेच्या धोरणातून दिव्यांग मुलं कशी गळून पडली याचा अभ्यास लंडन विद्यापीठात पीएच.डी.साठी केला, आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये, धारावीतही, दिव्यांग आणि इतर मुलांना एकत्र शिकवणारी केंद्रं चालवून दाखवली. वेगळ्या शाळेचं काम ज्यांनी स्वतः उभं केलं त्यांनीच ‘एकत्र’चा आग्रह धरावा, याचं वजन मला फार वाटतं.

आत आल्यावर काय करायचं

पटावर नाव घातलं आणि मूल कोपऱ्यात बसवून ठेवलं, तर ती फक्त हजेरी झाली. त्या दिवशी बडबडगीतात, खेळात, गोष्टीत आणि जेवणात मुलाचा काही ना काही भाग होता का, हे विचारायचं. भाग छोटा चालेल, पण तो खरा हवा.

सेरेब्रल पाल्सी असलेली चार वर्षांची मुलगी घेऊ. तिला आधाराशिवाय बसता येत नाही. खास खुर्ची मिळाली तर उत्तम, पण ती येईपर्यंत दोन भिंतींचा कोपरा चालतो. पाठ कोपऱ्याला, दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या गोधड्या, समोर छातीच्या उंचीला येईल असं काहीतरी टेकायला. ती अशी बसली की हात मोकळे होतात, आणि हात मोकळे झाले की खेळ सुरू होतो. मुलं गोलात बसली असतील तर तो गोल तिच्या कोपऱ्याला येऊन मिळायला हवा. बाकीची मुलं उठून तिच्याकडे सरकू शकतात, ती त्यांच्याकडे जाऊ शकत नाही.

तिच्या जेवणाबद्दल मात्र फार जपून. आडवं ठेवून किंवा मान मागे टाकून घास कधीच भरवायचा नाही. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मूल बसलेलं, मान किंचित पुढे, घास छोटा, पहिला गिळला की मग दुसरा. पातळ पाण्यासारखं वरण काही मुलांना गिळायला अवघड जातं, मऊसर खिचडी सोपी जाते. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, म्हणून पहिल्या दिवशी आईला शेजारी बसवून ती घरी कसं भरवते ते बघायचं आणि जेवताना सारखा ठसका लागत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो जाड केला तर आखडलेल्या बोटांत तो टिकतो.

कमी ऐकू येणारं मूल असेल तर ताईने खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, कारण मग चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीला येऊन बोलायचं. हातवारे असलेली बडबडगीतं त्याच्यासाठी सोन्याची, आणि आपल्याकडे ती भरपूर आहेत. श्रवणयंत्र “हरवेल म्हणून” काढून दप्तरात ठेवण्याची पद्धत मोडायला हवी. यंत्र कानात असेल तेवढाच वेळ त्याचा उपयोग. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली मात्र यंत्र घातलेल्या मुलाला शब्द वेगळे काढता येत नाहीत. त्या वेळी चित्रं, वस्तू, हातवारे.

दिसत नसलेल्या किंवा कमी दिसणाऱ्या मुलाला “हे बघ” म्हणण्याऐवजी “हे घे, हात लाव” म्हणायचं. शेंगा, चिंचोके, कणीस, माठ, झाडाची साल. चटया, पाण्याचा हंडा, खेळण्यांची पेटी यांच्या जागा रोज त्याच ठेवायच्या. बोलताना आधी त्याचं नाव घ्यायचं, नाहीतर आपल्याशी बोलणं चाललंय हे त्याला कळणार कसं? थोडं दिसत असेल तर काळ्या पाटीवर जाड खडूच्या रेघा काढायच्या, मुलाला उजेडात बसवायचं.

स्वमग्न मुलाच्या बाबतीत गोंधळ सगळ्यात जास्त होतो, कारण त्याची अडचण बाहेरून दिसत नाही. ते कान झाकतं, ओरडतं, रांगेतून पळतं, आणि ‘हट्टी’ किंवा ‘लाडावलेलं’ ठरतं. बहुधा त्याला आवाज किंवा गर्दी सहन होत नसते, नाहीतर पुढे काय होणार हे कळत नसतं. चार-पाच चित्रं भिंतीवर ओळीने लावा: प्रार्थना, खेळ, गोष्ट, हात धुणं, जेवण, घर. एक काम संपलं की पुढच्या चित्राकडे बोट दाखवा. कमी आवाजाचा एक कोपरा ठेवा आणि तिथे जाणं ही शिक्षा समजू नका. डोळ्याला डोळा भिडवण्याची सक्ती नको. ते मूल चावलं किंवा त्याने ढकललं, तर त्याच्या अगोदर काय घडलं ते आठवून लिहून ठेवा. चार-सहा नोंदींनंतर कारण बहुतेक वेळा दिसू लागतं.

उशिरा समजणाऱ्या मुलासाठी कामाचे तुकडे करायचे. हात धुणं म्हणजे नळाजवळ जाणं, ओले करणं, साबण लावणं, चोळणं, धुणं, पुसणं. आज फक्त शेवटचं पुसणं त्याने करावं, बाकी आपण. पुढच्या आठवड्यात शेवटचे दोन. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे आणि मग उत्तराची अपेक्षा करायची. आपण दोन सेकंदांत दुसरा प्रश्न विचारतो, आणि त्याचं निम्मं तयार झालेलं उत्तर तिथेच राहतं.

शी-शूबद्दल उघड बोललं पाहिजे, कारण मुलं घरी परत पाठवली जातात ती बहुतेक याच कारणाने. चौथ्या वर्षीही शी-शू न सांगणारी मुलं असतात, दिव्यांग असोत वा नसोत. ठरलेल्या वेळांना न विचारता नेणं, घरून कपड्यांचे दोन जोड ठेवून घेणं, चिडून न बोलणं, यांनी बरंच काम होतं. पण ज्या अंगणवाडीत शौचालयाला पाणी नाही, उंबरा गुडघ्याएवढा आहे, तिथल्या मदतनीस ताईंना हे निमूटपणे करायला सांगणं अन्यायाचं आहे. ते काम ग्रामपंचायतीचं आहे आणि ते तिथेच मागायला हवं.

बाकीची मुलं विचारणारच, “ह्याला काय झालंय?” दटावू नये. “त्याच्या पायांत अजून ताकद नाही, म्हणून तो बसून खेळतो. तू चेंडू त्याच्याकडे सरपटत टाक.” एवढं सरळ उत्तर मुलांना पुरतं. ‘बिचारा’ हा शब्द वर्गात नको. इतर पालकांना काळजी असते की आपलं मूल तसं वागायला शिकेल. मुलं थोडे दिवस एखादी लकब उचलतात आणि सोडूनही देतात, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता मात्र कुणाला लागत नाही. हे पालक मेळाव्यात एकदा स्पष्ट सांगितलेलं बरं.

ओळखायचं कसं, पाठवायचं कुठे

निदान करणं सेविकेचं काम नाही. शंका येणं आणि ती बोलून दाखवणं हे मात्र तिचंच, कारण महिन्याला वजन-उंची घेताना मूल तिच्या हातात असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत सुदृढ मुलं आधाराशिवाय बसायला जास्तीत जास्त नऊ महिन्यांपर्यंत आणि एकटी चालायला साधारण अठरा महिन्यांपर्यंत वेळ घेतात, असं दिसलं. त्यापुढे थांबू नये. वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, किंवा येत होतं ते बोलणं गेलं. यातली शेवटची खूण सगळ्यात तातडीची.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. शंका असलेलं मूल त्या दिवशी हजर असेल हे बघायचं, आणि नेमकं तेच मूल घरी राहतं असा अनुभव असल्याने आदल्या दिवशी घरी जाऊन सांगून यायचं. पथक पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा-उपचार हे एका ठिकाणी मिळावं अशी योजना आहे. मुंबईत वांद्र्याला, मुळात श्रवणदोषांवर काम करणाऱ्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २०२१ पासून सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी असं केंद्र आहे.

चिठ्ठी लिहून दिली की काम झालं असं नाही. एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, ओपीडीतली रांग यांत कितीतरी मुलं वाटेतच राहतात. महिन्याभराने “जाऊन आलात का? काय म्हणाले?” हे विचारायला गेलेली ताई त्या चिठ्ठीपेक्षा जास्त उपयोगाची असते. आणि थेरपिस्टने सांगितलेला व्यायाम कागदावर मागून घ्यावा, म्हणजे तो अंगणवाडीच्या खेळात बसवता येतो.

काही मुलं इतकी आजारी किंवा अंथरुणाला इतकी खिळलेली असतात, की त्यांना रोज आणणं शक्य नसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळाच घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या, तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हाही केंद्राला अंगणवाडी हेच नाव राहिलं. घरी असलेल्या दिव्यांग मुलाची गृहभेट ही या परंपरेतलीच आहे. तिथे नुसता घरपोच आहार देऊन परतू नये. सोबत दोन-तीन मुलं न्यावीत, त्या घरात एक गाणं म्हणावं, आईला एक खेळ दाखवावा.

विशेष शाळा की अंगणवाडी, असा वाद पालकांसमोर ठेवणं मला चुकीचं वाटतं. थेरपी चालू ठेवून अंगणवाडीत येता येतं, येऊ द्यावं. पण एका बाबतीत सावध राहायला हवं. ज्या कर्णबधिर मुलाला अजून कुठलीच भाषा मिळालेली नाही, ते ऐकणाऱ्या वीस मुलांत बसूनही एकटंच असतं. त्याला सांकेतिक भाषा येणारी माणसं आणि तशी मुलं भेटतील याची सोय करणं हे त्याच्या समावेशाचाच भाग आहे.

प्रमाणपत्र, आणि सहावं वर्ष

अंगणवाडीत नाव घालायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. ते नसल्याने कुणी परत पाठवत असेल तर पर्यवेक्षिकेशी बोला, तिथे नाही झालं तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यापुढे जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग आणि पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) मात्र सवडीने काढून ठेवावं. साहित्य, सवलती यांना ते लागतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांना राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो.

सेविकेकडून आपण फार मागतो आहोत, हे मला ठाऊक आहे. आहार, वजन, लसीकरणाच्या याद्या, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, सर्वेक्षणं आणि त्यातच दिव्यांग मूल. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण भी पढाई भी’ प्रशिक्षणात रोज किमान दोन तास पूर्वशालेय शिक्षण आणि दिव्यांग मुलांचा समावेश दोन्ही आहेत. पण काही दिवसांच्या प्रशिक्षणाने एखाद्या मुलाला उचलायचं कसं, बसवायचं कसं हे हाताला येत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा तरी फिजिओथेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक त्या अंगणवाडीत येऊन दाखवून गेला पाहिजे. ही मागणी सेविकांच्या संघटनांनी आणि पालकांनी मिळून करण्यासारखी आहे.

मूल सहा वर्षांचं होत आलं की एक काम जूनच्या आधीच करायचं. पहिलीच्या शाळेत ताई, आई आणि मूल तिघांनी एकदा जाऊन यायचं, वर्ग कुठे, पायऱ्या किती, शौचालय कसं ते बघायचं. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात भेटतात, त्यांना त्या वेळी बोलावून घ्यायचं. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत असलेल्या २५ टक्के राखीव जागांसाठी दिव्यांग मूल वंचित गटात धरलं जातं आणि महाराष्ट्रात त्याला उत्पन्नाची अट नाही. हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. आणि मुलाबद्दल एक पानभर लिहून शाळेला द्यायचं: काय आवडतं, कशाला घाबरतं, काय स्वतः करतं, कशात मदत लागते, जेवताना काय जपायचं, आकडी येत असेल तर त्या वेळी काय करायचं. पहिलीच्या बाईंना जे कळायला नाहीतर दिवाळी उजाडली असती, ते पहिल्याच दिवशी हातात असतं.